नातेवाईकांना सांगितले

३ मार्च

आजपासून मी वॉर्डात नाही. ही बदली म्हणजे शिक्षा नव्हे, असं मोठ्या डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला असता.

सत्तावीस वर्षं सलाइन लावली, चादरी बदलल्या, रात्रपाळ्या केल्या, आणि आता मला एक टेबल, एक फोन आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीचा अर्धा भाग मिळाला आहे. उरलेल्या अर्ध्यात चाकं निखळलेल्या व्हीलचेअर आहेत. माझ्या पाठीने वर्षभरात वॉर्ड सोडायला लावलाच असता म्हणा.

हे सगळं त्या शिक्षिकेमुळे. मागच्या महिन्यात त्या छातीत टोचतंय म्हणून आल्या. स्कॅनमध्ये हृदयाला लागून तारेचा तुकडा दिसला. पाच वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर त्यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. रक्त पातळ करायचं औषध तेव्हा चालणार नव्हतं, म्हणून आमच्याच इथे पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवली होती. छत्रीच्या काड्यांसारखी असते ती, बोटाच्या दोन पेरांएवढी. पायातली गुठळी सुटून वर फुप्फुसाकडे निघाली तर वाटेत अडवते. पण ती तात्पुरती असते. धोका टळला की दोन-तीन महिन्यांत काढायची. यांची कुणी काढलीच नाही. काडी मोडली आणि रक्ताबरोबर वर गेली.

ऑपरेशन झालं, वाचल्या. चौथ्या दिवशी मी ड्रेसिंग करत होते तेव्हा विचारलं, "माझ्या पोटात पाच वर्षं काहीतरी होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. असं कसं हो?"

मी म्हणाले, "हलू नका, टाका ताणेल."

मोठ्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये विचारलं की अशा जाळ्या अजून किती जणांच्या पोटात राहिल्या आहेत. कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून मी आणि हे टेबल.

६ मार्च

रेकॉर्डवाल्या काकांनी फाइलींचे गठ्ठे आणून टाकले. निवृत्तीला त्यांना आठ महिने उरलेत आणि आजवर कुणी त्यांच्याकडे एवढ्या फाइली मागितल्या नाहीत, यावर ते खूष आहेत. "ताई, तुम्ही आलात आणि माझ्या खोलीला वारा लागला," म्हणाले.

आज चाळीस फाइली वाचल्या. प्रत्येकीत जाळी बसवल्याची तारीख, सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. काढायचं काय, ते शोधायला गेलं की शेवटच्या पानावर एकच वाक्य. नातेवाईकांना सांगितले. कुठल्या नातेवाईकाला, काय सांगितलं, कधी यायला सांगितलं, काही नाही. चाळीसपैकी एकतीस फाइलींत हेच, जणू एकाच माणसाने सगळ्या लिहिल्यात. अक्षरं मात्र वेगवेगळी. दोन ठिकाणी माझंही आहे.

११ मार्च

यादी झाली. सहा वर्षांत दोनशे चौदा जाळ्या. त्यातल्या सत्तेचाळीस काढल्या. एकोणीस माणसं इथेच वारली, ती मुळात फार आजारी होती. उरली एकशे अठ्ठेचाळीस, त्यांचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नाही.

लेकीने कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला. पत्ता नसेल तर लाल, फोन झाला तर पिवळा, जाळी काढली तर हिरवा. आज सगळीकडे लालच लाल. "आई, हे बघून तुमच्या डॉक्टरांनाच ॲडमिट करावं लागेल," ती म्हणाली.

एकशे एकतीस नंबरला दादा आहे. माझा सख्खा मोठा भाऊ. यादीत तो असणार हे मला माहीतच होतं, त्याची जाळी इथेच बसवली होती. पण त्याच्या घराजवळ चांगलं हॉस्पिटल आहे, तिथे काढून घेतली असेल. वहिनी काटेकोर आहे, औषधाची एक गोळी चुकू देत नाही. शिवाय घरी सोडताना त्याला सगळं सांगितलं असणारच. वॉर्डातल्या पोरी नीट सांगतात.

१२ मार्च

एक नंबरपासून क्रमाने फोन करायचे ठरवलं आहे. ओळखीच्यांना आधी केला तर बरं दिसणार नाही.

१७ मार्च

पाच दिवसांत बावन्न फोन. सोळा नंबर बंद. सात जण म्हणाले, राँग नंबर. एका बाईंनी आधीच बजावलं, "ओटीपी मागणार असाल तर मी देणार नाही." एकाने विचारलं, जाळी काढून दिली तर परत वापरता येते का, मेव्हण्यालाही पायाचा त्रास आहे.

एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. "जाळी? आहे की, खिडकीला. डासांसाठी लावलीय." दहा मिनिटं समजावलं. "म्हणजे चार वर्षं मी एक विनातिकीट प्रवासी घेऊन हिंडतोय," म्हणाले. "येतो. सांगा कधी यायचं ते."

बावन्नमधल्या फक्त तिघांना माहीत होतं की जाळी काढायची असते. त्या तिघांनीही कुणीतरी बोलावेल म्हणून वाट बघितली.

२४ मार्च

आजचा फोन लिहून टाकते, नाहीतर डोक्यात घुमत राहील.

नंबर सत्तर. फोन बायकोने उचलला. मी ठरलेलं वाक्य बोलले, की मी हॉस्पिटलमधून बोलतेय, साहेबांशी बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "ते गेले. आठ महिने झाले."

मी दिलगिरी व्यक्त केली. फोन ठेवायला हवा होता. त्यांनीच विचारलं, काम काय होतं. सांगितलं.

"काढायची होती?"

"हो. तीन महिन्यांनी."

"मग सांगितलं का नाही?"

"फाइलीत लिहिलंय, नातेवाईकांना सांगितलं."

"नातेवाईक मीच," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दुसरं कुणी नव्हतं आमच्याबरोबर. त्या दिवशी मला नऊ कागद दिले. मी मोजले, कारण लिफ्टमध्ये एक पडला होता. खाली रिक्षा उभी होती, यांना उभं राहवत नव्हतं. त्यात कुणी काही म्हणालं असेल. पण मला सांगितलं नाही. म्हणणं आणि सांगणं यात फरक असतो ना, सिस्टर?"

मग विचारलं, "त्यानेच गेले का हो ते?"

मला माहीत नाही, हे मी खरं तेच सांगितलं. घरी अचानक गेले, तपासणी झालीच नाही. आता कुणालाच कळणार नाही. फोन ठेवल्यावर त्या चौकटीला कुठला रंग द्यायचा ते कळेना. लेकीच्या तक्त्यात तसा रंगच नाही.

२ एप्रिल

बसड्रायव्हरांची जाळी काढायला घेतली. मी काचेपलीकडून पाहिलं. जाळीवाले डॉक्टर (पोरसवदा दिसतात, पण हात फार हलका) मानेच्या शिरेतून बारीक नळी खाली सोडतात, तिच्या टोकाला फास असतो. जाळीच्या शेंड्याला आकडा असतो, तो फासात अडकवायचा आणि सगळी मिटवून नळीत ओढून घ्यायची. दीड तास प्रयत्न केला. आकडा शिरेच्या भिंतीत रुतला होता. सोडून दिलं.

ड्रायव्हर म्हणाले, "राहू द्या. चार वर्षांत भांडण नाही झालं आमचं." आता त्यांना दरवर्षी तपासायचं आणि गोळ्या चालू ठेवायच्या.

मी डॉक्टरांना विचारलं, किती दिवसांत आलं तर निघते. म्हणाले, "तीन महिन्यांत आले तर वीस मिनिटांचं काम. वर्ष उलटलं की अवघड. दोन वर्षं झाली की सांगता येत नाही, सिस्टर."

दादाचे, मागच्याच्या मागच्या जुलैपासून या एप्रिलपर्यंत, एकवीस महिने होतात. उगाच मोजले.

९ एप्रिल

नव्वदच्या पुढे गेले. अठ्ठावीस जणांना तारखा दिल्या, सहा हिरव्या झाल्या.

लेकीने विचारलं, "मामाला केलास?"

"त्याचा नंबर यायचाय अजून."

"मी मामीशी बोलले रविवारी. मामाचा डावा पाय संध्याकाळी सुजतो. चप्पल जात नाही."

मी म्हणाले, दिवसभर बसून काम करतो, सुजणारच. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग कपबशा आत घेऊन गेली. तिचं आणि मामीचं बोलणं होतं, हे मला माहीत नव्हतं.

कधीतरी हे लिहावंच लागेल, तर आज लिहिते. दादाची दुचाकी घसरली तो जुलै. कमरेचं हाड मोडलं आणि डोक्यात थोडा रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी पायात गुठळी सापडली. डोक्यामुळे औषध देता येईना, म्हणून जाळी. पाचव्या दिवशी आई गेली. घरीच, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. दादा तेव्हा अर्धवट शुद्धीत. मी ठरवलं की त्याला सांगायचं नाही. वहिनी म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं, ताई. त्याच्याशिवाय सगळं उरकलं. तो बरा होत गेला तसा रोज विचारायचा, आई का येत नाही. मी सांगायचे, तिचे गुडघे दुखतायत, जिने चढवत नाहीत. चौदा दिवस मी हेच सांगितलं. एकदा तो म्हणाला, "लिफ्ट आहे की." मी म्हणाले, लिफ्टची तिला भीती वाटते.

घरी सोडायच्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

त्याची प्रकृती बघून मी तो निर्णय घेतला. आजही तोच घेतला असता. हे मी नर्स म्हणून लिहिते आहे.

१० एप्रिल

आज फोन केले नाहीत. व्हीलचेअर मोजल्या. अकरा.

२१ एप्रिल

मीटिंग. मोठे डॉक्टर, जाळीवाले डॉक्टर, चारही वॉर्डांच्या इन्चार्ज. माझी सूचना एवढीच होती की जाळी बसवली त्याच दिवशी काढायची तारीख ठरवायची. घरी सोडताना ती तारीख पेशंटने स्वतःच्या हाताने कार्डावर लिहायची, लिहिता येत नसेल तर आपल्याला परत सांगून दाखवायची. सहाव्या आठवड्यात मी फोन करणार. तोवर फाइल रेकॉर्डमध्ये जाणार नाही, माझ्या टेबलावर राहील.

सर्जरीच्या इन्चार्ज दुखावल्या. त्यांच्याबरोबर मी अकरा वर्षं काम केलं आहे. "आम्ही सांगत नाही असं म्हणायचंय का तुला?"

"सांगतो. मीही सांगत होते."

"मग?"

"कुणाला सांगतो?"

"नातेवाईकांना."

"कुठल्या?"

डॉक्टर पेनाचं टोपण उघडझाप करत होते. मला वाटलं मी जिंकले. नंतर जिन्यात त्या मला म्हणाल्या, "एवढं टोचून बोलायची गरज नव्हती. सगळ्यांच्याच सह्या आहेत त्या फाइलींत." त्यांचंही बरोबर आहे.

एका वॉर्डात तीन महिने करून बघायचं ठरलं. पुरावा म्हणून दहा फाइली सविस्तर तपासून द्या, म्हणाले.

२३ एप्रिल

काकांकडे दहा फाइली मागितल्या होत्या. त्यांनी अकरा आणल्या. "एकशे एकतीस तुम्ही मागितली नव्हती, पण मध्ये होती, म्हणून काढली." ते माझ्याकडे बघत नव्हते. आडनाव तर त्यांनाही वाचता येतं, माझं माहेरचं.

दुपारी जेवण झाल्यावर उघडली. शेवटचं पान.

"जाळी काढण्यासाठी तीन महिन्यांनी येणे आवश्यक. नातेवाईकांना सांगितले. बहीण, येथेच परिचारिका. त्या स्वतः रुग्णास समजावून सांगतील."

खाली बहिणीची सही. ती माझी.

कॉरिडॉर आठवला. खिडकीशी उभं राहून मी सही केली होती, भिंतीवर कागद टेकवून, म्हणून अक्षर वाकडं आलंय. वॉर्डातली मुलगी म्हणाली होती, "मी सांगते ना त्यांना." मी म्हणाले, "राहू दे, माझाच भाऊ आहे." मग आत गेले. दादा शर्ट घालून पलंगावर बसला होता, केस विंचरून. म्हणाला, "आईला सांगितलंस ना आज येतोय म्हणून?"

त्या दिवशी मला एकच गोष्ट सांगता आली. दुसरी राहिली.

फाइल बंद करून इतर दहांचं काम पूर्ण केलं. पाच वाजता निघाले.

२४ एप्रिल

त्या पानावर वहिनीची सही असती तर मी तिला दोष दिला असता. वॉर्डातल्या त्या मुलीला दिला असता. आज दिवसभर मी त्या मुलीचं नाव आठवायचा प्रयत्न केला आणि मग माझीच मला लाज वाटली.

२६ एप्रिल, रविवार

गेले. लेकीने बरोबर येऊ का विचारलं, मी नको म्हणाले.

दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो, पुढच्या खोलीतच. टेबलावर एक मशीन उघडं पडलं होतं, तेलाचा वास. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. "बस," म्हणाला. एकवीस महिन्यांत ऐकलेला पहिला शब्द. डावा पाय त्याने स्टुलावर ठेवला होता. घोट्याशी बोट दाबलं तर खळगा पडेल असा. हात लावायचा धीर झाला नाही.

वहिनी पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

मी म्हणाले, "दादा, तुझ्या पोटात जाळी आहे."

"कसली?"

मी समजावून सांगितलं. वहिनी मध्येच म्हणाली, "ताई, गुठळीची ना ती? ती विरघळते ना आपोआप?"

"गुठळी विरघळते, वहिनी. जाळी नाही."

दादाने हातातला पाना खाली ठेवला. "कुणी सांगायला हवं होतं हे?"

"मी."

"कधी?"

"तुला घरी सोडलं त्या दिवशी."

त्याने त्या उघड्या मशीनवर फडकं टाकलं. मग म्हणाला, "म्हणजे हेही."

सगळा रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"अजून काय काय आहे? एकदाच सांगून टाक."

"एवढंच," मी म्हणाले.

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. तो तिच्यावर खेकसला, "रडायला काय झालंय? मी बसलोय ना समोर." मग मला म्हणाला, "येतो मी. पण एक अट. जे निघेल ते आधी मला. डॉक्टर असो नाहीतर तू, मध्ये गाळणी लावायची नाही. मी काय लहान आहे?"

कबूल केलं. निघताना त्याने थांब म्हटलं नाही, पण दार वहिनीने लावलं तेव्हा आतून मशीनचा आवाज सुरू झाला नव्हता.

४ मे

स्कॅन झाला. जाळी तिरकी झाली आहे. एक काडी शिरेच्या भिंतीतून थोडी बाहेर आलेली. खालच्या बाजूला जुनी गुठळी धरली आहे, पाय त्यामुळे सुजतो. डॉक्टर माझ्याशी बोलू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि दादाला आत बोलावलं. त्याच्यासमोर सगळं परत पहिल्यापासून.

दादाने विचारलं, "काढली नाही तर?"

"कदाचित काही होणार नाही. कदाचित होईल."

"काढताना?"

"तेच उत्तर आहे," डॉक्टर म्हणाले.

दादा हसला. मशीनवाल्याने असं उत्तर दिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणाला. बारा तारीख ठरली. कार्डावर तारीख त्याने स्वतः लिहिली, माझ्या नव्या नियमाप्रमाणे. त्याला नियम माझा आहे हे माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

८ मे

काल रात्रीपासून वहिनीचे चार फोन. गोळ्या कुठल्या बंद करायच्या, कुठल्या नाही. तिला लिहून दिलं, मग परत वाचून दाखवायला लावलं. ती म्हणाली, "ताई, तेव्हा मी विचारायला हवं होतं हो. मीच विचारलं नाही." मी म्हणाले, तुम्ही विचारायचं नसतं, आम्ही सांगायचं असतं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे वाक्य त्या सत्तर नंबरच्या बाईंना सांगायला हवं होतं. त्यांना परत फोन केला. सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." एवढंच.

१२ मे

सव्वातीन तास.

मला काचेपलीकडे उभं राहू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आज तुम्ही नातेवाईक." म्हणून मी वहिनीबरोबर बाहेरच्या बाकावर बसले. सत्तावीस वर्षांत त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. तिथून आतलं काही ऐकू येत नाही. दार उघडलं की सगळे उठतात आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं की परत बसतात. लोक आमच्यावर का ओरडतात ते थोडं कळलं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांचा सगळा शर्ट घामाने भिजला होता. जाळी निघाली. रक्तस्राव झाला नाही. पण बाहेर पडलेली काडी ओढताना मोडली आणि तिचा तुकडा वर वाहत जाऊन उजव्या फुप्फुसातल्या एका बारीक फांदीत अडकला आहे. तो काढायला जाण्यात जास्त धोका, म्हणून तिथेच ठेवला. बहुतेकांना अशा तुकड्याने काही होत नाही. दरवर्षी एक्स-रे काढून बघायचं.

"आज त्यांना सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "झोप होऊ दे, घाबरतील. उद्या राउंडला मी नीट सांगतो."

वहिनी पण म्हणाली, "हो ताई, उद्या."

दोघांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, म्हटलंही आहे. कितीतरी नातेवाईकांना.

मी आत गेले. गुंगी ओसरत होती. मानेवर पट्टी. माझ्याकडे बघून त्याने भुवया उंचावल्या.

"निघाली," मी म्हणाले. "एक तुकडा मोडला. तो फुप्फुसात आहे. काढता येणार नाही."

"केवढा?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

"मरणार का मी त्याने?"

"बहुतेक नाही. पण दरवर्षी बघावं लागेल."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं चुकलंच माझं, डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं. मॉनिटरवर नाडी वर गेली, एकशे अठरा, मग एकशे दहा, मग हळूहळू नव्वदीत. तेवढा वेळ मी आकडेच बघत होते.

"पाणी दे," तो म्हणाला.

१४ मे

दुपारी गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. वहिनी घरी आंघोळीला गेली होती. पाय निम्मा उतरलाय. काल डॉक्टरांनी त्याला काढलेली जाळी दाखवली, बाटलीत. त्याने ती उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाला, काम चांगलं आहे, पण तारेला जोर पडतो तिथे वळण चुकलंय. डॉक्टरांनी ते वहीत टिपून घेतलं म्हणे.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. लेकीची परीक्षा, त्याच्या गिऱ्हाइकांची मशीनं. मी उठू लागले तेव्हा त्याने विचारलं, "आई कशी गेली?"

"सांगितलं होतं ना. खुर्चीत, दुपारी."

"ते मला तुझ्या वहिनीने सांगितलं. तू सांग."

मी परत बसले.

"चौदा दिवस मी त्या दाराकडे बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, रागावलीय माझ्यावर. दुचाकी घेऊ नको म्हणत होती ना. म्हटलं, गुडघ्यांचं निमित्त आहे. येतच नाहीये ती. नंतर कळलं गेली म्हणून, पण डोक्यात तेच राहिलं. की तिला यायचं नव्हतं."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत मला एकच वाटत आलं की तो चिडलाय ते लपवलं म्हणून.

मग मी सांगितलं. लेकीलाही सांगितलेलं नाही ते. त्या दिवशी मी आईला म्हणाले होते, चार वाजता घ्यायला येते, दादाकडे जाऊ. माझी पाळी तीनला संपत होती. पण वॉर्डात एक पेशंट बिघडला, मग दुसरीने पाळी बदलून मागितली, मी थांबले. फोन करून उशीर होईल म्हणून सांगायला हवं होतं. केला नाही. म्हटलं, पोचतेच आहे. पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. आई दाराजवळच्या खुर्चीत होती. डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी झाले असतील.

दादा ऐकत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते, सलाइनच्या थेंबांकडे बघत होते.

"तयार झाली होती?" त्याने विचारलं.

"केस विंचरलेले. बाहेरची साडी. मांडीवर पिशवी होती, तुझा चष्मा घेतला होता तिने, तुला वाचायला लागेल म्हणून. पायात चपला होत्या."

"घरात ती चपला घालायची नाही."

"नाही."

बाहेर कॉरिडॉरमधून ट्रॉली गेली. त्याने उशाजवळचा चष्मा हातात घेतला.

"म्हणजे ती निघाली होती," तो म्हणाला.

"हो. तुझ्याकडेच."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते, मानेची पट्टी ताणली जात होती. हलू नकोस, असं मी म्हणाले नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो काढायला लावला नाही. चार वाजेपर्यंत मी तशीच बसून होते.